एमबीए परदेशात, पण पैसा कुणाचा?

अॅडमिशन मिळाल्याचा स्टेटस टाकायला एक मिनिट लागतं. फी कुठून येणार, हे ठरवायला मात्र सगळं घर कामाला लागतं. बँकेचं कर्ज, बिनतारण कर्ज, शिष्यवृत्ती की आई-बाबांची शिल्लक? परदेशात बिझनेसची डिग्री करायच्या विचारात असाल, तर या प्रत्येक पैशासोबत कुठली अट येते, ते आधीच पाहून घ्या.

सध्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर बसा. टीवायच्या निम्म्या पोरांच्या बोलण्यात जीमॅट, एसओपी, एलओआर हे शब्द असतातच. कुणाला लंडन हवंय, कुणाला जर्मनी, कुणाला अमेरिकाच. युनिव्हर्सिटीचं रँकिंग, तिथलं हवामान, इंडियन ग्रोसरी कुठे मिळते, सगळ्याचा रिसर्च झालेला असतो. पैशांचं विचारलं की एकच उत्तर येतं, "लोन काढू ना यार, सगळेच काढतात."

सगळेच काढतात, हे खरंय. पण कुठलं लोन? कुणाच्या नावावर? घर गहाण ठेवून की न ठेवता? आणि शिकून झाल्यावर मनासारखी नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. काउन्सेलर विचारत नाहीत, कारण त्यांचं काम अॅडमिशनपर्यंतच असतं. आई-बाबा विचारत नाहीत, कारण लेकराच्या उत्साहावर पाणी टाकायचं नसतं. म्हणून तो आपणच स्वतःला विचारायचा.

आधी बिल बघा

'परदेशी बिझनेस डिग्री' म्हणजे एकच गोष्ट नाही. हार्वर्डचं एमबीए दोन वर्षांचं असतं आणि तिथली नुसती ट्युशन फी वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे आहे. डॉलर ९० रुपयांना धरला तर दोन वर्षांची फीच १ कोटी ३५ लाखांच्या वर जाते. बोस्टनचं घरभाडं, जेवण, आरोग्यविमा हे सगळं त्यावर. फ्रान्स आणि सिंगापूरमध्ये कॅम्पस असलेल्या इन्सिआडचं एमबीए दहा महिन्यांत संपतं, पण फी सुमारे १ लाख युरो, म्हणजे आपले कोटभर रुपये.

आणखी एक गोष्ट. या मोठ्या एमबीए कोर्सना येणारे विद्यार्थी साधारण चार-पाच वर्षं नोकरी करून आलेले असतात. आपण विशी-बाविशीतले, नुकतेच पदवीधर झालेले. आपल्यासाठी असतो तो एमआयएम, म्हणजे मास्टर्स इन मॅनेजमेंट, किंवा यूकेतली एक वर्षाची एमएससी. हे कोर्स तुलनेने स्वस्त असतात, पण त्यांच्यानंतरचे पगारही एमबीएवाल्यांचे नसतात. 'एमबीए केल्यावर एवढं पॅकेज मिळतं' असं ऐकून एमआयएमसाठी कर्ज काढत असाल, तर तुमचं गणित पहिल्याच ओळीत चुकतंय.

बिलात आणखी एक अदृश्य ओळ असते, ती रुपयाची. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. ६० हजार डॉलरचा खर्च ७५ च्या भावाने ४५ लाख होतो आणि ९० च्या भावाने ५४ लाख. युनिव्हर्सिटीने एक डॉलरही न वाढवता बिल ९ लाखांनी फुगतं. दोन वर्षांच्या कोर्सची फी टप्प्याटप्प्याने जाते, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा हिशोब आजच्या भावाने करू नका. थोडी उशी ठेवा.

घराचे कागद बँकेत

पहिला आणि सगळ्यात ओळखीचा मार्ग म्हणजे सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज. बँकांच्या ठरलेल्या योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण परदेशी बिझनेस स्कूलसाठी साडेसात लाख म्हणजे सुरुवातीची डिपॉझिट, विमान आणि पहिल्या सेमिस्टरचा थोडा भाग. त्यापुढे बँक तारण मागते. काही सरकारी बँकांकडे निवडक विद्यापीठांची यादी असते, त्या यादीत तुमचं कॉलेज असेल तर मोठी रक्कमही बिनतारण मिळू शकते. त्यामुळे शाखेत गेल्यावर व्याजदराच्याही आधी विचारा, "आमची युनिव्हर्सिटी तुमच्या यादीत आहे का?"

तारण म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत राहतं घर. इथे खरी कसोटी लागते. गावाकडे चार एकर आहे म्हणून निर्धास्त असाल, तर लक्षात घ्या, शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. एनए प्लॉट चालतो, फ्लॅट चालतो, एफडी चालते, एलआयसीच्या पॉलिसीचं सरेंडर मूल्यही धरलं जातं. पण फ्लॅटच्या इमारतीला ओसी नसेल, घर अजून आजोबांच्या नावावर असेल किंवा काका-आत्यांची नावं लागलेली असतील, तर फाइल तिथेच अडकते. वारसनोंद करून घ्यायला लागणारे महिने आणि युनिव्हर्सिटीची डिपॉझिट भरायची तारीख यांची गाठ कधीच पडत नाही. म्हणून घराचे कागद अॅडमिशननंतर नाही, अर्ज करण्याआधी बाहेर काढा.

टायटल सर्च, व्हॅल्युएशन, गहाणाची नोंदणी, मुद्रांक शुल्क हे खर्चही आपल्याच खिशातून जातात. शिवाय परदेशी शिक्षणासाठी बँक सगळी रक्कम देत नाही. ४ लाखांच्या वरच्या कर्जात साधारण १५ टक्के वाटा आपला असतो, त्याला बँकेच्या भाषेत मार्जिन म्हणतात. शिष्यवृत्ती मिळाली तर ती या वाट्यात धरता येते.

याच्या बदल्यात मिळतं काय? व्याज तुलनेने कमी, फेडायला बँकेनुसार १५ वर्षांपर्यंत मुदत, आणि कोर्स संपून साधारण सहा महिने ते वर्षभर हप्ता नाही. या सवलतीच्या काळाला मोरॅटोरियम म्हणतात. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूटही देतात. ती मागावी लागते, कधीकधी आपणहून कुणी सांगत नाही.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेबद्दलही बराच गोंधळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही बिनतारण, बिनजामीन कर्जाची योजना फक्त भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी कॉलेजला ती लागू नाही.

बिनतारण, पण बिनधास्त नाही

दुसरा मार्ग खासगी वित्तसंस्थांचा. क्रेडिला, अवान्से यांसारख्या कंपन्या शैक्षणिक कर्जातच मुरलेल्या आहेत. घर गहाण न ठेवता मोठी रक्कम, कागदपत्रं घरी येऊन घेणार, मंजुरी झटपट. व्हिसाची तारीख डोक्यावर असताना हा वेग देवासारखा वाटतो. त्याची किंमत व्याजदरात असते. सरकारी बँकेच्या तारणी कर्जापेक्षा इथला दर सहसा चढा असतो, प्रोसेसिंग फी रकमेच्या टक्क्यात असते, आणि आई किंवा बाबा सहकर्जदार म्हणून लागतातच. म्हणजे घर गहाण नसलं तरी बाबांचं सिबिल गहाण आहे. तुमचा हप्ता चुकला की त्यांचाही रेकॉर्ड खराब होतो, आणि मग धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना दार बंद दिसतं.

तिसरा मार्ग परदेशी कंपन्यांचा. प्रॉडिजी फायनान्स ही कंपनी इन्सिआडच्याच माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढली. ती आणि एमपॉवर फायनान्सिंग यांसारख्या कंपन्या ठरावीक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना ना तारण, ना सहकर्जदार मागता कर्ज देतात. त्या तुमच्या भविष्यातल्या पगाराकडे बघतात. आई-बाबांवर काहीच ओझं टाकायचं नसेल तर हा पर्याय आकर्षक आहे. पण कर्ज डॉलरमध्ये असतं. डॉलरमध्ये पगार मिळाला तर प्रश्नच नाही. भारतात परत यावं लागलं तर पगार रुपयात आणि हप्ता डॉलरमध्ये. रुपया घसरला की पगार तोच, हप्ता मोठा. ज्याला परतच यायचंय त्याने हे कर्ज शंभरदा विचार करून घ्यावं.

हप्त्याचं गणित, सरळ भाषेत

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरची एक बीकॉम झालेली मुलगी यूकेत एक वर्षाच्या एमएससी मॅनेजमेंटला निघाली आहे. फी आणि राहण्याचा खर्च मिळून तिने ४० लाखांचं कर्ज काढलं. व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षं. कोर्सचं एक वर्ष आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही.

'हप्ता नाही' याचा अर्थ 'व्याज नाही' असा होत नाही. सगळे पैसे सुरुवातीलाच उचलले असतील तर त्या दीड वर्षात ६ लाख ६० हजार व्याज साचतं. ते मुद्दलात मिळवलं की कर्ज ४६ लाख ६० हजार होतं आणि हप्ता बसतो महिन्याला साधारण ६४ हजार रुपये. दहा वर्षांत तिच्या हातून ७७ लाख जातील. त्याऐवजी घरच्यांनी दीड वर्ष फक्त व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे ३६,७०० रुपये भरले, तर पुढचा हप्ता ५५ हजारांवर येतो आणि एकूण ४ लाखांहून जास्त वाचतात. पूर्ण व्याज जमत नसेल तर निम्मं भरा. जितकं भराल तितकं मुद्दल कमी फुगेल.

आता व्याजदराचा खेळ. हेच ४० लाख दहा वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ५०,७०० च्या आसपास. १३ टक्क्यांनी घेतले तर ५९,७००. महिन्याला ९ हजारांचा फरक, दहा वर्षांत जवळपास ११ लाखांचा. एजंट म्हणतो, "चार टक्क्यांनी काय होतं?" चार टक्क्यांनी एक छोटी गाडी येते.

बहुतेक कर्जं फ्लोटिंग दराची असतात, हेही विसरू नका. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवरून वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. २०२५ मध्ये तो पुन्हा सव्वापाचपर्यंत उतरला. म्हणजे आज सांगितलेला दर हा फक्त आजचा दर आहे. दिलासा एवढाच की १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या अशा वैयक्तिक फ्लोटिंग कर्जांवर, व्यवसायासाठी नसतील तर, मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. चांगली नोकरी लागली तर कर्ज लवकर संपवा.

शिष्यवृत्तीलाही अटी असतात

शिष्यवृत्ती म्हटलं की डोळ्यांसमोर फुकट पैसे येतात. बिझनेसच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र यातली बरीच दारं आधीच बंद असतात. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप एमबीएला पैसे देत नाही. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनने बिझनेस आणि फायनान्स हे विषय वगळलेत. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग एमबीएला चालते, पण फीला मर्यादा आहे, २,८०० तासांचा, म्हणजे दोन वर्षांच्या नोकरीइतका कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. स्टॅनफर्डच्या रिलायन्स धीरूभाई फेलोशिपमध्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या फीचा मोठा भाग मिळतो. अट हीच, भारतात परत या आणि इथे दोन वर्षं काम करा.

मुंबईतल्या काही जुन्या संस्था 'कर्ज-शिष्यवृत्ती' देतात. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून हे काम करतेय. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन याच मदतीवर लंडनला शिकले होते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. सगळा खर्च यातून निघत नाही, पण ११ टक्क्यांच्या कर्जातले काही लाख शून्य टक्क्यांवर आले तर हप्ता लक्षणीय हलका होतो. शिवाय बँकेला दाखवायचं मार्जिनही इथून उभं राहू शकतं.

राज्य सरकारच्या योजना वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिथे विद्यापीठ क्यूएस रँकिंगच्या पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, सारथी, उच्च व तंत्रशिक्षण विभाग यांच्या योजना वेगळ्या. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाचा परतावा देणारी योजनाही आहे. उत्पन्नाची मर्यादा, विषयांनुसार जागा, वयाची अट हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. आणि निकाल लागून पैसे हातात येईपर्यंत तिकडे वर्ग सुरू झालेले असू शकतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरची सोय वेगळी हवीच.

पैसा आणि अट हे नातं आजचं नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार होता, परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची. मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनमधलं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५ हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बचत, मदत आणि उसनवारी, अशा तीन प्रकारच्या पैशांतून ते शिक्षण पूर्ण झालं. आपल्यालाही सगळी रक्कम एकाच ठिकाणाहून उभी करण्याची सक्ती नाही.

युनिव्हर्सिटीची स्वतःची शिष्यवृत्ती हा सगळ्यात दुर्लक्षित मार्ग. अर्जाच्या पहिल्या फेरीत फंड भरलेला असतो, शेवटच्या फेरीत तळ दिसतो. दोन कॉलेजांची ऑफर हातात असेल तर एकीची शिष्यवृत्ती दाखवून दुसरीला नम्र मेल लिहायला हरकत नाही. बिझनेस स्कूल आहे, वाटाघाटी त्यांना कळतात. फार तर नाही म्हणतील.

आई-बाबांची शिल्लक

बऱ्याच घरांत पहिलं वाक्य असतं, "कर्ज कशाला? आम्ही आहोत ना." बाबांचा पीएफ, आईचे दागिने, गावाकडचा प्लॉट. व्याज नाही, हप्ता नाही, बँकेच्या खेपा नाहीत. पण हे पैसे त्यांच्या म्हातारपणाचे असतात. शिक्षणाला कर्ज मिळतं, रिटायरमेंटला मिळत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, जिला सगळे '८०ई' म्हणून ओळखतात. आठ वर्षांपर्यंत, रकमेची मर्यादा नाही, पण फक्त जुन्या करप्रणालीत. सोनं तारण ठेवून काढलेल्या साध्या कर्जावर ती मिळत नाही. परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएसही वेगळा वागतो. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर टीसीएस नाही. स्वतःच्या खात्यातून गेली तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर तो कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

मधला रस्ता असा, की मुख्य रक्कम कर्जाने उभी करा आणि आई-बाबांना शक्य असेल तर त्यांनी मोरॅटोरियममधलं व्याज भरावं. त्यांची मदत होते आणि आयुष्यभराची पुंजीही शाबूत राहते. यात किती भरणार आणि किती महिने, हे आधीच कागदावर लिहा. घरातला व्यवहार लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे.

बिलच कमी केलं तर?

पैसे कुठून आणायचे याचं एक उत्तर, कमी पैसे लागतील असं ठिकाण निवडणं, हेही आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. मॅनेजमेंटसाठी नावाजलेलं मानहाइम विद्यापीठ याच राज्यात आहे. तिथल्या मास्टर इन मॅनेजमेंटच्या चार सेमिस्टरची फी ६ हजार युरोच्या आसपास भरते. मात्र पदवीत मॅनेजमेंटचे विषय पुरेसे झालेले लागतात आणि जीमॅट किंवा जीआरईही. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, आपले १२ लाखांच्या वर. पण तो तुमचाच पैसा असतो, दरमहा परत हातात येतो. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी बहुतेकदा जर्मन मागते, त्यामुळे मॅक्सम्युलर भवनचे क्लास इथूनच सुरू केलेले बरे. जर्मनीतही 'एमबीए' म्हणून विकल्या जाणाऱ्या कोर्सना चांगली दणदणीत फी असते, हे ध्यानात ठेवा.

दुसरा उपाय म्हणजे थांबणं. हार्वर्डच्या '२+२' योजनेत शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला की किमान दोन वर्षं नोकरी करून मग जायचं. अशी योजना नसली तरी दोन-तीन वर्षांच्या नोकरीने बचत होते, प्रोफाइल सुधारतं, चिव्हनिंगसारखी दारं उघडतात. काही मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या चांगल्या कर्मचाऱ्यांच्या एमबीएची फी भरतात. बदल्यात परत येऊन ठरावीक वर्षं तिथेच काम करायचा बाँड असतो.

आणि पार्टटाइम जॉब? यूकेत सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. त्यातून किराणा आणि बसपास निघतो. फी निघेल असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय.

नोकरी लागली नाही तर?

आता तो प्रश्न. कोल्हापूरच्या त्या मुलीकडे परत जाऊ. यूकेत शिकल्यावर तिथे राहून काम शोधायला ग्रॅज्युएट रूट व्हिसा मिळतो. तो दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी १८ महिन्यांचा होतोय. त्या काळात स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली नाही तर परत यायचं. अमेरिकेत ओपीटीचं एक वर्ष, कोर्स स्टेम यादीत असेल तर आणखी दोन, आणि नंतर एच-वन-बीची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना त्यातून सूट असली, तरी नियम एका सहीने किती बदलतात ते सगळ्यांनी पाहिलं.

समजा ती परत आली आणि पुण्यात तिला हातात ६० हजारांची नोकरी मिळाली. सुरुवातीची नोकरी म्हणून वाईट नाही. पण हप्ता ६४ हजारांचा आहे. पहिल्याच महिन्यात पगार संपून ४ हजार कमी पडतात, खोलीचं भाडं आणि डबा अजून बाकीच आहे. मग ते पैसे कोण भरणार? घर तारण असेल तर घरावर टांगती तलवार. बिनतारण असेल तर बाबांचा पगार किंवा पेन्शन. डॉलरचं कर्ज असेल तर वरून विनिमय दर. कर्ज २० लाखांचं असतं तर हप्ता निम्मा, ३२ हजार झाला असता. ओढाताण झाली असती, पण निभावलं असतं.

म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना परदेशातला सरासरी पगार धरू नका. भारतात परत आल्यावर पहिल्या वर्षी मिळेल तो पगार धरा. हप्ता त्याच्या फार तर निम्म्यापर्यंत बसत असेल तर पुढे जा. बसत नसेल तर स्वस्त कॉलेज, आणखी शिष्यवृत्ती, दोन वर्षं नोकरी, यातलं काहीतरी जुळवा. तिकडे चांगली नोकरी लागली तर उत्तमच, कर्ज तीन-चार वर्षांत उडवून टाका.

सही करण्याआधी हे विचारा

– दर फ्लोटिंग आहे की फिक्स्ड? कशाशी जोडलेला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो?
– मोरॅटोरियम किती महिन्यांचा? त्यातलं व्याज सरळव्याज आहे की चक्रवाढ? ते भरलं तर दरात सूट मिळते का?
– प्रोसेसिंग फी, विमा, कागदपत्रांचा खर्च धरून हातात नेमके किती येणार? विमा सक्तीचा आहे का?
– व्हिसा नाकारला गेला तर कुठली रक्कम परत मिळते? युनिव्हर्सिटीची डिपॉझिट परत मिळते का?
– दुसऱ्या वर्षी फी वाढली किंवा रुपया घसरला तर कर्जाची रक्कम वाढवून मिळेल का?
– सहकर्जदार कोण? त्यांना त्यांच्या जबाबदारीचा अर्थ मराठीत कुणी समजावून सांगितलाय का?

शेवटचा प्रश्न बँकेला नाही, आपल्याला आहे. आई किंवा बाबा ज्या कागदावर सही करणार आहेत, तो बहुतेकदा इंग्रजीत असतो आणि बराच लांबलचक असतो. परदेशी बिझनेस स्कूलमध्ये जाऊन कंपन्यांचे ताळेबंद वाचायला शिकायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि तो कागद त्यांच्यासोबत बसून, एकेक कलम मराठीत सांगत वाचा. तुम्हाला एखादं कलम सांगता आलं नाही, तर त्याखाली पेनाने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन विचारून या. सही त्यानंतर.